हात अन् कागद

वाशीम, ता. ४ डिसेंबर १९३४

हुकूम,

सहा वर्षांनी तुले वहाब आठवला, म्हणून पहिला सलाम तुह्या आठवणीले, मंग तुले.

तुहं पत्र परवा आलं. पाकिटावर जपानचं तिकीट पाहून डाकवाला दौलतराव ओट्यावरच टेकला अन् म्हणे, वहाबभाई, तिकडे कोण आहे तुमचं? मी म्हणलं, कोणी नाही, शाळेतला एक सोबती आहे, दुलीचंद शेठचा पोरगा हुकूमचंद, तिकडे कोबे गावात एका हिंदी पेढीवर कारकुनी करून राह्यला. 'कारकुनी' मी मुद्दाम म्हणलं. तू मुनीम झाला असशील तर माफ कर.

दोन पानं लिहिलं तू. थंडीचं लिहिलं, ताटात मासळी आली की उठून जातो ते लिहिलं, बापाची तब्येत पाहून ये म्हणून लिहिलं. अन् सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तशी एक ओळ: "इथल्या पोस्टात हात अन् कागद ही दोन अक्षरं दिसली, तू आठवला." बस. बाप्पा, त्या दोन अक्षरांपायी तू मले भर आवारात लबाड म्हणलं होतं, ते नाही आठवलं?

नसंल आठवत तर मी सांगतो. मले साल-महिन्यासकट पाठ आहे.

सन १९२९, जानेवारी, बाजाराचा दिवस. तुमच्या रुई दाबायच्या प्रेसच्या आवारात गठाणींचं वजन चाललं होतं. गठाणीवर मारायचे मार्के मी पत्र्यात कापत होतो, अन् माह्या छाप्यातून शाई कवा फुटली असं साऱ्या जिल्ह्यात कोणी दाखवून द्यावं. रुई घ्यायले आलेल्या जपानी साहेबाच्या हातात त्याच्या घरचं पत्र होतं. फुरसत असली का मी त्याले एखादं अक्षर मागायचो, अन् तो खडूनं गठाणीच्या तरटावरच लिहून द्यायचा. त्या दिवशी त्यानं मागच्या हंगामात दिलेलाच शब्द पुन्हा लिहिला, हात अन् त्याच्याखाली कागद, अन् म्हणे, दोन मिळून 'चिट्ठी'. मी म्हणलं, साहेब, चीनमध्ये हीच दोन अक्षरं लिहितात, पण तिकडे तो कागद पोस्टात टाकत नाहीत, परसाकडे नेतात.

साहेब हसला. तुहं मात्र तोंड उतरलं. तुले वाटलं, आता गिऱ्हाईक रुसते अन् अकोल्याची वाट धरते. तू मले विचारलं, हे कोणी सांगतलं तुले? मी म्हणलं, चिनी रेशीमवाल्यानं. मंग तू सगळ्यांदेखत आवाज चढवला. तुहे शब्द जसेच्या तसे लिहितो:

"तो चिनी भर दुपारी मोहल्ल्यात येते. तवा तू इथं छापे मारत असते. कवा भेटला रे तू त्याले?"

मी गप्प बसलो. अन् मी गप्प बसलो तसा तू म्हणलं, लबाड आहे साला, गाढवावर पोथ्या लादल्या म्हणून ते पंडित होत नाही. पन्नास माणूस हसलं. हेमसिंग हमाल एवढा हसला का त्याले हातातला गठाणी ओढायचा आकडा खाली ठेवा लागला. मी हातोडी अन् छिन्नी पिशवीत टाकली, अन् तवापासून तुमच्या फाटकाच्या आत पाय ठेवला नाही. आता घासलेटच्या चिमण्या करतो, चाळण्या करतो, धान्याच्या कोठ्या करतो. उपाशी नाही मेलो.

तुह्या बापाचं म्हणशील तर ते धडधाकट आहेत. रस्त्यात भेटले की दुलीचंदकाका स्वतःहून थांबतात. मार्के आता अकोल्याहून येतात, अन् त्यातून शाई अशी फुटते का अक्षर आहे का शेणाचा पो हे कळत नाही.

आता माहं ऐक. माह्याजवळ एक चोपडी आहे. एकशे एकेचाळीस शब्द आहेत तिच्यात. अक्षरं तीच, जपानी त्याले काय म्हणते अन् चिनी काय म्हणते, दोन्ही लिहिलं आहे. काही ठिकाणी दोघांचं एक आहे, काही ठिकाणी एक उगवतीले अन् एक मावळतीले. ही चोपडी मी तुले पाठवतो. तिकडच्या कोण्याही पंडिताले दाखव. खोटी निघाली तर मी जलमभर लबाड. खरी निघाली तर तुह्या बापाले एक ओळ लिहून पाठवायची का वहाब खोटा नव्हता, अन् ती ओळ दुलीचंदकाकांनी त्याच आवारात, बाजाराच्या दिवशी, हेमसिंगसकट सगळ्यांपुढं वाचून दाखवायची.

चिन्याले कवा भेटलो ते मात्र विचारू नको. ते माहं मी पाहीन.

वहाब पत्रेवाला, वाशीम

 

वाशीम, ता. २७ जानेवारी १९३५

हुकूम,

अट मंजूर म्हणून लिहिलं, बरं वाटलं. चोपडी आज पोस्टात टाकली. वर मेणकापड लावलं आहे अन् कडेनं पत्र्याची पट्टी ठोकली आहे, बोट बुडाली तरी चोपडी तरंगत येईन.

पाहायची कशी ते सांगतो. उघडली का उजव्या पानावर शब्द अन् त्याचा जपानी अर्थ. डाव्या पानावर तोच शब्द अन् त्याचा चिनी अर्थ. अर्थ मराठीतच आहेत, तुले जड जाणार नाही.

मासला म्हणून चार सांगतो. वाफ अन् गाडी ही दोन अक्षरं घे. जपानी म्हणते आगगाडी, चिनी म्हणते मोटार. म्हणजे उद्या दोघांले जऊळक्याच्या टेसनावर उभं केलं, तर एक रुळाकडे पाहीन अन् एक सडकेकडे, अन् दोघंही म्हणतील गाडी काहून नाही आली. दुसरा शब्द, म्हातारी अन् बाई. जपानात त्याची म्हातारीच होते, चीनमध्ये चांगली नांदती बायको होते. नेट अन् जोर लावला का जपानात होते अभ्यास, चीनमध्ये होते मनाविरुद्ध, ओढूनताणून केलेलं काम. आपल्या शाळेत आपण दोघं मागच्या बाकावर बसायचो, आपल्याले विचारलं असतं तर आपण म्हणलो असतो, यात फरक कोठी आहे?

अन् एक शब्द आहे, दहा फूट लांबी मोजायचं माप अन् त्याच्यापुढं पुरुष. जपानी साहेब गठाणीवर थाप मारून तो शब्द म्हणायचा, मजबूत. चीनमध्ये त्याचा अर्थ नवरा. यावर घरात म्हणणं पडलं का गठाणीचं ठीक आहे, नवऱ्याचं सांगता येत नाही.

मी हे शब्द कसे जमवले ते तुले माहीत आहे, तू डोळ्यानं पाह्यलं. तू तवा हसायचा का वहाब्या साहेबाच्या मागं कुत्र्यासारखा फिरते. पण कागदावर पाहून अक्षर माह्या डोक्यात बसत नाही. साहेबानं लिहून दिलं का मी ते घरी येऊन रद्दी पत्र्यात कापायचो. एक एक रेघ छिन्नीनं तोडली, मधला तुकडा गळू नये म्हणून कोठी जोड ठेवायचा ते ठरवलं, मंग ते अक्षर माहं. असे एकशे एकेचाळीस पत्रे माह्या घरी सुतळीत ओवून टांगले आहेत, वारा आला का वाजतात. अख्ख्या वऱ्हाडात असं दुसरं घर नाही. वऱ्हाडातच काय, तुह्या कोब्यातही नसंल.

चिनी म्हणशील तर तो होळी झाली का पाऊस लागेपर्यंत अनसिंगकडून सायकलवर यायचा, मागं रेशमाच्या ठाणांचं गठुडं. मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा. आपल्या मुलखातून निघाल्याले त्याले अकरा वर्षं झाले होते. दोन वर्षं झाले, आला नाही. तिकडे जपान्यांनी त्यांच्या मुलखात फौजा घातल्या म्हणतात. घरातून रोज एकदा विचारणं होते, चिनी दिसला का कोठी.

चोपडीवर नाव वाच. वहाब पत्रेवाला, वाशीम. ठळक काढलं आहे, पंडिताले दाखवताना अंगठ्याखाली झाकू नको.

वहाब

 

वाशीम, ता. १८ एप्रिल १९३५

हुकूमचंद,

तुहं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं का मलेच वाचता येऊन नाही राह्यलं.

उजवी पानं खरी म्हणते तुहा जपानी मास्तर. चार-पाच अक्षरांत रेघ कमी आहे म्हणते. ती रेघ कमी नाही, तो जोड आहे, पत्रा कापणाऱ्याचा हात तसाच चालते, त्याले सांग. अन् डावी पानं म्हणे सगळीच्या सगळी उलटी, आरशात दिसावी तशी. एकही अक्षर सुलटं नाही. ज्याले वाचता येते तो असं लिहूच शकत नाही, कोठूनतरी आंधळेपणानं उतरवलं आहे, असं म्हणाला अन् चोपडी मिटून तुह्या हातात दिली.

अन् तू लिहितो, "वहाब, साहेबानं सांगतलेलं खरं, ते मी पाह्यलं आहे. चिन्याचं मात्र आता तरी कबूल कर."

काय कबूल करू? आरसा तुह्या मास्तरच्या डोळ्यात असंल. तो जपानी आहे, चिन्याचं खरं आहे असं तो कायले म्हणंल? उलटं म्हणजे काय? माह्या नजरेले तर ती पानं ठीक दिसली, नाहीतर मी नाव टाकलं असतं का? हात दमला असंल, दिवा कमी असंल. मी विचारून सांगतो.

कोणाले विचारून, ते तुले काय करायचं आहे.

तुह्या बापाले अजून काही लिहू नको.

वहाब

 

वाशीम, ता. २६ एप्रिल १९३५

हुकूम,

आठ दिवसामागचं पत्र रागात टाकलं. ते अन् हे बहुतेक एकाच बोटीनं येतील. दोन्ही आले तर ते फाडून टाक अन् हे ठेव.

डावी पानं माही नाहीत. हुस्नाबानोची आहेत. तुले तिचं नावही माहीत नसंल. तू दोनदा घरी आला तवा पडद्याकडे पाहून 'वहिनी, रामराम' म्हणलं होतं, तीच. तिचा बाप आपल्या शाळेत घंटा वाजवायचा, आठवते का? त्यानं तिले घरी चार बुकं शिकवली. तिचं मराठी अक्षर माह्यापेक्षा चांगलं आहे, ते तुह्या ध्यानात यायला पाहिजे होतं. माह्या अन् तिच्या चोपड्या वेगळ्या होत्या. मी त्या पानाले पान लावून एकात शिवल्या अन् वर माहं एकट्याचं नाव काढलं. शिवत होतो तवा तिनं एवढंच विचारलं, नाव लिहिलं का? मी म्हणलं, हो. ती चुलीकडे गेली.

चिनी दुपारी यायचा, मी प्रेसमध्ये असायचो, तू बरोबर पकडलं होतं. तो मोहल्ल्यात आला का ओट्यावर बसायचा, बायका आत, मधात बांबूच्या चिकाचा पडदा. भाव करायचा तो पडद्याआडून. पहिल्या साली हुस्नाबानोनं रेशीम राहू दिलं अन् सुतळीतला एक पत्रा पडद्याच्या फटीत धरला. म्हणे, हे काय आहे सांगता का? चिन्यानं गठुडं खाली ठेवलं अन् पत्र्याजवळ तोंड नेलं. तिले वाटलं, काही वाईट लिहिलं आहे का काय. मंग पाह्यलं तर त्याचे डोळे भरले होते. आपल्या मुलखाचं अक्षर त्यानं वाशीमच्या एका ओट्यावर पाह्यलं, अन् तेही रद्दी पत्र्यात. मंग तो दर खेपेले दहा-पंधरा शब्द सांगायचा. तिनं त्याच्याकडून वीतभर रेशीमही कवा घेतलं नाही, तरी तो पहिले आमच्याच ओट्यावर यायचा.

संध्याकाळी ती मले सांगायची अन् दुसऱ्या दिवशी मी तेच प्रेसमध्ये माहं म्हणून सांगायचो. तू कोणी सांगतलं म्हणून विचारलं, तवा तिचं नाव माह्या जिभेवर आलं होतं. पन्नास माणसापुढं कसं म्हणू का मी घरी नसताना माही बायको परमुलखातल्या माणसाशी दोन-दोन घंटे बोलत असते? मी तिची अब्रू राखली, असं मी सहा वर्षं स्वतःले सांगत आलो. खरं सांगू? अर्धं तिच्या अब्रूसाठी गप्प बसलो अन् अर्धं माह्या. बायकोनं शिकवलं हे माह्या तोंडून निघत नव्हतं.

तुहं पत्र आलं तवा मी तिच्यावरच खेकसलो, तू उलटं काहून लिहिलं? ती म्हणे, जसं दिसलं तसं लिहिलं. मी म्हणलं, उलटं दिसलं का मंग? दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मले आत, पडद्यामागं, तिच्या जागेवर बसवलं. डोक्यावरून ओढणी घेऊन स्वतः बाहेर ओट्यावर गेली अन् फटीत पत्रा धरला. हुकूम, माह्याच घरात मी भर दुपारी आतल्या बाजूले कवा बसलोच नव्हतो. आत अंधार, बाहेर ऊन, अन् पत्र्यातून अक्षर असं झगझग करत होतं का मी कापलेलं असून मले नवीन वाटलं. अन् ते उलटं होतं.

मंग तिनं सांगतलं. पहिल्या दिवशी पत्रा धरला तवा चिनी म्हणे, बीबी, उल्टा है, फिराव. तिनं फिरवला. तो म्हणे, हां, अब ठीक. त्याच्या बाजूनं ठीक झालं ते तिच्या बाजूनं उलटं झालं, पण तिले वाटलं, माणूस ठीक म्हणते तर आपल्याले दिसते तेच ठीक. तवापासून प्रत्येक पत्रा तिनं पाहुण्याले सुलटा धरला अन् स्वतः उलटा पाहून उतरवून घेतला.

अन् मले कसं कळलं नाही? मी पत्रा मागून आखतो अन् पुढून छापतो. वीस वर्षं अक्षर दोन्ही बाजूंनी पाहून माह्या डोळ्याले उलट-सुलट राह्यलंच नाही. तिची चोपडी मी शंभरदा चाळली अन् शंभरदा मले ठीक दिसली. पंडितापुढं ऐट करायले निघालो होतो अन् स्वतःच्या धंद्यानंच तोंडघशी पाडलं.

आता असं कर. डावं पान पुढून पाहू नको. खिडकीत उजेडाले धर अन् मागून पाह्य. कागद पातळ आहे, मागची बाजू कोरी आहे, शाई काळी आहे, स्वच्छ दिसंल. अन् जपानी मास्तरले दाखवू नको. तूच लिहिलं होतं का तुमच्या गल्लीमागं चिनी दुकानदार राहतात, त्यांच्यातला कोणी शिकलेला पाह्य अन् त्याले दाखव. त्याच्या मुलखाचं तोच सांगंल.

आता अटीचं. मी तिले म्हणलं, हे हुकूमले लिहिलं तर सारं वाशीम बोलंल. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणे, "लबाड म्हणून मराचं, का बायकोनं शिकवलं म्हणून जगाचं, ते तुमी ठरवा. मले माह्या शब्दांचं खरं-खोटं कळलं पाहिजे."

सहा दिवस मी ठरवत होतो. म्हणून हे पत्र उशिरा लिहून राह्यलो. चोपडीत एकशे बारावा शब्द पाह्य, नवल अन् मी अशी दोन अक्षरं. जपानी त्याले जखम म्हणते. चिनी म्हणते, दोष मलेच द्या. या शब्दाची दोन्ही पानं मी आज एकदम वाचली.

अट बदलली. खरं निघालं तर दुलीचंदकाकांनी हुस्नाबानोचं नाव घेऊन वाचावं. खोटं निघालं तर माहं.

वहाब

 

वाशीम, ता. १ सप्टेंबर १९३५

हुकूम,

तुह्या पत्राचं उत्तर द्यायले उशीर झाला, कारण इथं लय काही झालं अन् मले ते सगळं झाल्यावरच लिहायचं होतं.

तुह्या बापाले तू पाठवलेली ओळ त्यांनी मले पहिले दाखवली नाही. एवढंच सांगून पाठवलं का बाजाराच्या दिवशी ये. सहा वर्षांनी फाटकाच्या आत गेलो. हंगाम नाही, आवारात गठाणी नव्हत्या, पण हमाल होते, गाडीवाले होते, अन् हेमसिंग होता. पोहरादेवीच्या जत्रेत नवस फेडायचा आहे म्हणून त्यानं दाढी वाढवली आहे, मले आधी ओळखूच आला नाही. काकांनी चष्मा पुसला अन् उभं राहून वाचलं. एक पान होतं, पण तू त्यात काही राखून नाही ठेवलं, ते मी मानलं. कोब्यातल्या चिनी चहावाल्यानं एक एक पान काचेले लावून मागून वाचलं, एकशे एकेचाळीसपैकी तीनच शब्दांवर अडला, बाकी सगळं खरं म्हणाला. वहाबले लबाड म्हणणारा हुकूमचंद चुकला. अन् शेवटची ओळ, "हे शब्द वहाबले त्याच्या बायकोनं, हुस्नाबानोनं, सांगतले."

मी खाली नाही पाह्यलं. सहा वर्षं मी या घटकेची वाट पाहत होतो अन् मनात योजलं होतं का तवा असं बोलीन, तसं बोलीन. ते सगळं विसरलो. छाती मात्र एवढी भरून आली का सदऱ्याच्या गुंड्या तुटतील असं वाटलं, अन् ती माह्या नावानं भरून आली नव्हती. हेमसिंगनं दाढी खाजवली अन् म्हणे, "मंग आवंदाचा मार्का भाभीले इचारूनच काप गड्या." यावेळी मीही हसलो. दिवाळीनंतर छापे पुन्हा माह्याकडे आहेत.

मोहल्ल्यात दोघा-तिघांनी नाकं मुरडली. एकानं मशिदीच्या पायरीवर विचारलं का चिन्याशी बोलत होती हे खरं का. मी म्हणलं, खरं, अन् तुह्या घरची त्याच वेळी त्याच्याशी रेशमाचा भाव करत होती, फरक एवढाच का माह्या घरची काही शिकली. पुन्हा कोणी विचारलं नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. परवा दुपारी मी घरीच होतो. दौलतराव आला, पण रोजच्यासारखी हाक मारेना. ओट्यापुढं उभा राहून हातातलं पाकीट उलटंपालटं करून पाहत होता. एवढ्या वर्षांत त्यानं या मोहल्ल्यात बाईमाणसाच्या नावाचं पत्र वाटलं नव्हतं. आमच्यात बायकोचं पत्र नवऱ्याच्या नावानंच येते, बाहेरच्या माणसानं तिचं नाव दारात घ्यायचं नसते. त्यानं मले पाकीट दाखवलं, आवाज खाली करून म्हणे, वहाबभाई, काय करू? वर तुह्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं, हुस्नाबानो, वाशीम. 'वहाबच्या घरी' एवढंही नव्हतं लिहिलं. ते तू मुद्दाम केलं का विसरला, मले कळवू नको.

हात पुढं केला असता तर ते पाकीट मले मिळालं असतं. मी म्हणलं, दौलतराव, ज्याचं पत्र त्याले हाक मारा, तुमचं कामच आहे ते.

तो एकदा खाकरला अन् मोठ्यानं म्हणे, "हुस्नाबानो. जपानचं पत्र."

समोरच्या दोन दारातले पडदे हलले. आमच्याही पडद्याच्या त्याच फटीतून, जिथून ती पत्रे धरायची, तिचा हात बाहेर आला. बोटांले पीठ होतं. दौलतरावनं पाकीट त्या हातावर ठेवलं अन् उगीचच पगडी सारखी केली.

पत्र त्या चहावाल्याचं होतं, तू मराठी करून दिलेलं. तारीफ दोनच ओळी आहे, बाकी सगळे सवाल आहेत. ते तीन शब्द ती म्हणते तसे कोण्या गावात बोलतात, रेशीमवाल्याचं गाव कोणतं, त्यानं सांगतलेले अजून शब्द आहेत का. शिकलेला माणूस तिले विचारून राह्यला, हुकूम. अन् आमची बाई काय म्हणते? म्हणते, त्याच्या गावात तसं असंल, माह्या चिन्याच्या गावात असंच म्हणतात, मी एक अक्षर बदलणार नाही. चिन्याचा अजून पत्ता नाही. पण होळीनंतर तो आला तर पहिला पत्रा कोणता धरायचा, ते तिनं काढून ठेवलं आहे. हात अन् कागद. म्हणे, त्याले सांगीन का आपल्या दोघांच्या शब्दांवर तुह्या मुलखातल्या माणसाचं पत्र आलं, अन् ते पोस्टातून आलं.

चोपडी तिकडेच राहू दे, ज्याले वाचायची त्याले वाचू दे. वरचं नाव मात्र खोड. काय लिहायचं ते ती तिच्या पत्रात लिहिणार आहे, चहावाल्याचे सवाल झाले का. दौत एकच आहे अन् ती तिकडून तीनदा मागून झाली, म्हणून थांबतो.

हुस्नाबानोचा नवरा,
वहाब